इंजिन उघडण्याआधी तो छोटा व्हॉल्व्ह तपासा

‘गाडी ऑईल खायला लागलीया. मिस्त्री म्हणत्यात हाफ इंजिन करावं लागंल. करू का?’ निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, खानापूर, कुठूनही विचारा, जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्यांचा प्रश्न हाच असतो. त्यातही गोंधळ वाढतो तो ‘वॉल गेलाय’ या दोन शब्दांनी. वॉल म्हटला की घरात धास्ती बसते. आता इंजिन उतरणार, गाडी आठ-पंधरा दिवस गॅरेजात पडणार, आणि तंबाखूचे किंवा उसाचे आलेले पैसे त्यात जाणार.

तुमच्या गाडीचं इंजिन खरंच थकलेलं असेल तर ते काम करावंच लागेल. पण त्याआधी अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह आणि वीतभर रबरी नळी तपासायची राहून गेलेली असते. हे मी स्वतःच्या घरचं नुकसान सोसून सांगतो आहे. आमच्या ओम्नीच्या टॅपेट कव्हरमधून ऑईल गळायचं. एका गॅरेजने रिंग गेल्याचं सांगून इंजिन उघडलं, नव्या रिंग टाकल्या. गाडी घरी आली आणि तीन आठवड्यांत कव्हर पुन्हा ओलं झालं. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी नळी उपसून तो छोटा व्हॉल्व्ह हातावर ठेवला. काजळीने तो पार बुजला होता. नवा बसवल्यावर गळती थांबली. इंजिन उघडायची गरज नव्हती.

आधी नाव नीट समजून घ्या

गॅरेजमध्ये ‘वॉल’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लावतात.

पहिली वस्तू म्हणजे हेडमधले व्हॉल्व्ह, पेट्रोल-हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे. ते बदलायचे तर टायमिंग बेल्ट काढून हेड उतरवावं लागतं, व्हॉल्व्ह घासून बसवावे लागतात. हे काम घरी करायचं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, लांब नावाने पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन. हा इंजिनच्या बाहेरच्या अंगाला असतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे, आणि तो बहुतेक गाड्यांत पक्कड-पान्याने घरी बदलता येतो.

त्याचं काम थोडक्यात एवढंच. पेट्रोल जळताना थोडा गॅस रिंगांच्या फटीतून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, जुन्यात जास्त. त्यात वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं. तो तिथेच कोंडला तर दाब वाढतो, आणि दाब वाढला की ऑईल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. हा गॅस परत मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळण्याची वाट म्हणजे ही नळी, आणि त्या वाटेवर किती गॅस जाऊ द्यायचा हे ठरवणारी स्प्रिंगची झडप म्हणजे हा व्हॉल्व्ह. पूर्वी हा गॅस सरळ रस्त्यावर सोडत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1961 च्या गाड्यांपासून ही झडप बसू लागली.

तुमच्या गाडीत तो कुठे असेल?

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. म्हणजे आपल्या भागात फिरणाऱ्या या गाड्यांत कार्बुरेटरवाल्याही आहेत आणि एमपीएफआय इंजेक्शनवाल्याही. एकाच नावाच्या दोन गाड्यांत नळ्यांची मांडणी वेगळी निघते. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीत जिथे दिसला तिथेच तुमच्याही गाडीत असेल असं धरून चालू नका.

शोधायची रीत सोपी आहे. टॅपेट कव्हरवरून (जिथे ऑईल ओतायचं झाकण असतं तो भाग) निघणाऱ्या रबरी नळ्या बघा. बहुधा दोन असतात. एक एअर फिल्टरकडे जाते, ती ताज्या हवेची. दुसरी इनटेक मॅनिफोल्डकडे जाते. तिच्या एका टोकाला हा व्हॉल्व्ह सापडतो. काही इंजिनांत तो कव्हरवर रबरी बुशीत दाबून बसवलेला असतो, काहींत मॅनिफोल्डमध्ये आट्यांवर फिरवून बसवलेला.

- ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. काम गाडीच्या आतून करावं लागतं, आणि बिघाड झाला की जळक्या ऑईलचा वासही आत येतो.
- अँबॅसॅडर, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांत पुष्कळदा नुसता ब्रीदर पाईप असतो, व्हॉल्व्ह नसतोच. तिथे पाईप आणि त्यातली जाळी साफ करणं एवढंच काम.
- डिझेल गाडीची व्यवस्था वेगळी असते. पुढच्या सूचना डिझेलला लावू नका.

मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलं चित्र बघा.

कोणत्या लक्षणांवरून संशय घ्यावा?

व्हॉल्व्ह दोन तऱ्हांनी बिघडतो, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात.

*बुजला असेल तर* टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, ऑईल सीलमधून गळती सुरू होते. ऑईलची पट्टी आपोआप वर सरकलेली दिसते. एअर फिल्टरच्या डब्यात ऑईल साचतं. पॅकिंग बदललं तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळतं. ही शेवटची खूण मी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

*उघडा अडकला असेल किंवा नळी फाटली असेल तर* इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतो, आयडलिंग वर-खाली होतं किंवा गाडी सिग्नलला बंद पडते. ऑईल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊन निळसर धूर येतो. इंजेक्शनच्या गाडीत चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो.

पावसाळ्यातलं एक लक्षण इथे वेगळं सांगायला हवं. बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. अशा वेळी ऑईलच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा पांढरट-पिवळा थर दिसतो. तो बघून ‘हेड गॅस्केट गेलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल, तर बहुधा ती साचलेली वाफ असते. व्हॉल्व्ह बुजलेला असला की ती बाहेर पडत नाही आणि थर वाढत जातो. पाणी कमी होत असेल किंवा पट्टीवरचं ऑईलच दुधाळ झालं असेल, तर मात्र गाडी चालवू नका, मिस्त्रींना बोलवा.

आता धुराबद्दल. निपाणीहून बेळगावला जाताना तवंदी घाट लागतो. तिथे गाडीच तुम्हाला बरंच सांगते. मागे ओळखीचा कोणी दुसऱ्या गाडीत ठेवा आणि धुरावर लक्ष द्यायला सांगा.

- चढावर इंजिनावर भार असताना सलग निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर.
- उतारावर पाय काढून आलात आणि खाली पुन्हा रेस देताच निळा लोट आला, किंवा सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एकदाच आला, तर संशय हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीलवर.
- धूर कधी येतो कधी नाही, सोबत आयडलिंग बिघडलंय किंवा फिल्टरच्या डब्यात ऑईल आहे, तर आधी पीसीव्ही बघा.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. घाटात अवजड वाहनं असतात. धूर बघायच्या नादात चालकाने आरशात पाहत राहू नये.

घरी करायच्या चाचण्या

चाचणी उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो. सुरू इंजिनाजवळ ओढणी, पदर, मफलर, सैल बाही नको. ओम्नीत सीट उचलून काम करताना बेल्ट अगदी जवळ असतो, तिथे विशेष जपा. गाडीला एलपीजी किट असेल आणि वास येत असेल, तर काहीही करण्याआधी ती गळती दुरुस्त करून घ्या.

बोटाची चाचणी. इंजिन थोडं गरम करून आयडलिंगवर ठेवा. कव्हरवर बसणारा व्हॉल्व्ह असेल तर तो नळीसकट उपसून उघड्या तोंडावर बोट ठेवा. मॅनिफोल्डवर आट्यांचा असेल तर त्यावरची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. बोटाला स्पष्ट ओढ लागली पाहिजे. ओढच नसेल तर व्हॉल्व्ह, नळी किंवा मॅनिफोल्डचं भोक, यांपैकी काहीतरी बुजलं आहे. तीनही बघा. नुसता व्हॉल्व्ह बदलून मॅनिफोल्डचं भोक तसंच बुजलेलं ठेवणारे पुष्कळ जण असतात, आणि मग नव्या व्हॉल्व्हला दोष देतात.

कागदाची चाचणी. सगळं जागेवर बसवून, आयडलिंगवर ऑईलचं झाकण हळूच काढा आणि तोंडावर वहीच्या कागदाचा तुकडा अलगद धरा. थोडं ऑईल उडेल, चेहरा लांब ठेवा. कागद तोंडाकडे ओढला गेला तर वाट मोकळी आहे. कागद सारखा बाहेर ढकलला जात असेल, तर एक तर वाट बुजली आहे किंवा रिंगांतून इतका गॅस येतो आहे की व्हॉल्व्हला तो आवरत नाही. नवा व्हॉल्व्ह टाकूनही कागद तसाच उडत राहिला तर दुसरं कारण धरा.

हलवून बघणं. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि कानाजवळ हलवा. आतली झडप टकटक वाजली पाहिजे. वाजलीच नाही तर तो निकामी. पण वाजला म्हणजे चांगला, असं मात्र नाही. आतली स्प्रिंग सैल पडलेला व्हॉल्व्हही छान वाजतो.

तोंडाने फुंकून बघायची सवय पुष्कळांना आहे. त्यातली काजळी तोंडात जाता कामा नये. फुंकायचंच असेल तर स्वच्छ नळीचा तुकडा जोडा, फक्त फुंका, ओढू नका. टॅपेट कव्हरच्या बाजूने हवा सहज जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूने अडायला हवी.

नवा घ्यायचा की जुना धुवायचा?

माझं मत स्पष्ट आहे: गाडी पंधरा वर्षांची असेल तर नवाच घ्या. कार्बुरेटर क्लीनरच्या स्प्रेने काजळी निघते, पण थकलेली स्प्रिंग नवी होत नाही. व्हॉल्व्ह साधारण काहीशे रुपयांत मिळतो, हाफ इंजिनच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे. पार्ट यायला चार दिवस लागणार असतील तर तोवर धुऊन चालवा, एवढंच.

आणि नळी, बुशी, क्लिपा यांचाही विचार त्याच वेळी करा. रबर किलोमीटरवर म्हातारं होत नाही, वर्षांवर होतं. ‘गाडी फक्त चाळीस हजार चाललीय’ म्हणून वीस वर्षांची नळी चांगली राहत नाही. दाबून बघा. लाकडासारखी कडक किंवा ऑईलने फुगून लिबलिबीत झाली असेल तर बदला.

पार्ट घेताना

सीमाभागातल्या गाडीवाल्यांना एक सोय आहे. बेळगाव आणि कोल्हापूर अशा दोन मोठ्या बाजारपेठा हाताशी आहेत, निपाणी तर दोन्हींच्या मध्ये. मात्र दुकानात जाऊन ‘मारुतीचा पीसीव्ही द्या’ एवढं सांगू नका.

- आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष सोबत न्या. गाडी केए-23 आहे की एमएच-09, याने पार्ट बदलत नाही. इंजिन कोणतं, यानेच बदलतो.
- जुना व्हॉल्व्ह काढून सोबत नेता आला तर उत्तम. आट्यांचा आकार, नळीच्या तोंडाची जाडी आणि लांबी शेजारी ठेवून जुळवा. दिसायला सारखे व्हॉल्व्ह आतून वेगळ्या मापाचे असतात, म्हणून पार्ट नंबरही जुळवा.
- पाकिटावर एमआरपी, उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर छापलेला हवा. सुटा, पाकिटाविना मिळणारा व्हॉल्व्ह स्वस्त असला तरी घेऊ नका.
- नळी ऑईल आणि पेट्रोल सहन करणारीच मागा. शेतात ठिबकची नळी, फवारणी पंपाची नळी पडलेली असते आणि मापातही बसते. पण ती इंजिनच्या उष्णतेने मऊ पडते, ओढीने चपटी होते आणि वाट पुन्हा बंद.
- ‘महाराष्ट्रात टॅक्स कमी’ किंवा ‘कर्नाटकात कमी’ हे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुट्या भागांवरचा जीएसटी दोन्हीकडे एकच आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के.

बदलायची रीत

लागणारं सामान: पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, आट्यांचा व्हॉल्व्ह असेल तर त्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, कार्बुरेटर क्लीनर, न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड, टॉर्च, हातमोजे, नव्या क्लिपा.

1. गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड किंवा वीट लावा. इंजिन किमान तासभर थंड होऊ द्या. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरकडचा भाग दिसतो त्यापेक्षा गरम असतो.
2. मोबाईलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. कोणती नळी कुठून कुठे जाते ते दिसलं पाहिजे. दहा मिनिटांनी हेच फोटो कामाला येतात.
3. व्हॉल्व्हभोवतीची धूळ-ऑईल आधी पुसा. आपल्याकडची लाल माती उघड्या भोकातून आत गेली तर नसलेला बिघाड तयार होतो.
4. क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. नळी सरळ खेचू नका, आधी गोल फिरवून मोकळी करा. चिकटली असेल आणि नवी नळी हाताशी असेल तरच कापा.
5. दाबून बसवलेला व्हॉल्व्ह हलके फिरवत वर उचला. आट्यांचा असेल तर पाना पूर्ण बसवून डावीकडे फिरवा. हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा.
6. उघड्या भोकात काही पडू नये म्हणून कापड धरा. ते कापड नंतर काढायचं आहे हे लक्षात ठेवा.
7. मॅनिफोल्डचं भोक आणि नळी साफ करा. काडी किंवा तार घालत असाल तर काजळी आत ढकलू नका, बाहेर ओढा.
8. नवी बुशी बसवा. तिला आतून ऑईलचं बोट लावलं की व्हॉल्व्ह सहज बसतो.
9. नवा व्हॉल्व्ह जुन्याच्याच दिशेने बसवा. उलटा बसला तर गॅस जाणार नाही. बाण असेल तर तो मॅनिफोल्डकडे हवा.
10. आट्यांचा व्हॉल्व्ह सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच फिरवा. हाताने नीट जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढा आणि पुन्हा लावा. त्यानंतर पान्याने बेताचाच आवळा.
11. नळी चढवा, नव्या क्लिपा लावा, कापड आणि हत्यारं मोजून बाहेर काढा.

पहिल्यांदा करणाऱ्याला तास-दीड तास धरावा. मिस्त्रींना यापेक्षा फार कमी वेळ लागतो.

इथेच बहुतेक जण फसतात

आटे. पुष्कळ मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि व्हॉल्व्ह लोखंडाचा किंवा पितळेचा. जोर केला की मॅनिफोल्डचे आटे जातात, आणि मग काहीशे रुपयांचं काम मॅनिफोल्ड उतरवून नवे आटे पाडण्यावर जातं. व्हॉल्व्ह थंड इंजिनावर, स्प्रे मारून, दोन-तीन प्रयत्नांत हलला नाही तर थांबा. गाडी तशीच चालत गॅरेजला जाऊ शकते. तुटलेल्या व्हॉल्व्हने ती जाणार नाही.

जुनी बुशी हा दुसरा सापळा. कडक झालेली बुशी काढताना तिचे तुकडे होतात आणि एखादा टॅपेट कव्हरच्या आत पडतो. तो तसाच सोडून इंजिन सुरू करू नका. लांब चिमट्याने काढा. निघत नसेल तर कव्हर उघडून काढावा लागेल. म्हणून बुशी ठिसूळ वाटली तर काढण्याआधीच भोवती स्प्रे मारून मऊ करा आणि खालून वर अशीच उचला.

तिसरी गोष्ट जरा कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे ती सर्रास चालते. व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून नळीच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद करतात, आणि ब्रीदर पाईप खाली रस्त्याकडे सोडून देतात. ‘असंच असतंय, काही होत नाही’ असं सांगितलं जातं. होतं ते असं: गॅस ओढून नेणारं कोणी राहत नाही, वाफ चेंबरमध्ये साचते, ऑईल लवकर काळं आणि घट्ट होतं, उघड्या पाईपातून धूळ आत जाते, आणि तो सगळा गॅस रस्त्यावर मोकळा सुटतो. कोणी तुमच्या गाडीला असं केलं असेल तर ते आधी पूर्ववत करून घ्या.

सुरू केल्यावर

पहिली पाच मिनिटं आयडलिंगवर ऐका. शिट्टी येत असेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे. कागदाची चाचणी पुन्हा करा. कार्बुरेटरच्या गाडीत आयडलिंग थोडं बदललेलं वाटेल, ते स्क्रूने जुळवून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही मध्ये बॅटरी काढली असेल, तर आयडलिंग स्थिरावायला थोडा वेळ लागतो, लगेच काही उघडू नका.

ऑईल काळं-घट्ट झालं असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑईल आणि फिल्टर बदला. एअर फिल्टरचा कागद ऑईलने भिजला असेल तर तोही टाका. काढलेलं ऑईल डब्यात भरून गॅरेजला द्या. ते गटारात ओतलं की शेवटी वेदगंगेत किंवा मार्कंडेयेत जातं, आणि बेळगाव शहराला पाणी देणारं राकसकोप धरण मार्कंडेयेवरच आहे.

मग एक वही करा. तारीख, किलोमीटर, पट्टीवरची ऑईलची खूण. दर रविवारी, गाडी थंड आणि सपाट जागी असताना बघा. नुसत्या आठवणीवर ‘ऑईल खातीया’ म्हणण्यापेक्षा या नोंदीने मिस्त्रींचंही काम सोपं होतं.

पीयूसीशी याचा काय संबंध?

आहे. ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असेल तर त्याची वाफ याच वाटेने इंजिनात जाते आणि आकडे वाढवते. पेट्रोल चारचाकीच्या आयडलिंगच्या मर्यादा अशा:

- बीएस-2 पूर्वीची गाडी: कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के, हायड्रोकार्बन 1500 पीपीएम
- बीएस-2 आणि बीएस-3: 0.5 टक्के, 750 पीपीएम
- बीएस-4: 0.3 टक्के, 200 पीपीएम

बीएस-4 पासून पुढच्या गाड्यांचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्याआधीच्यांचं सहा महिने. ते देशभर चालतं. निपाणीत काढलेलं कोल्हापुरात आणि कोल्हापुरातलं बेळगावात ग्राह्य आहे, कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून दुसरं काढावं लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर प्रमाणपत्र दाखवा. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा गळती आणि धूर आधीच आटोक्यात असलेले बरे.

गॅरेजला देणार असाल तर

स्वतः करणं जमण्यासारखं नसेल तर त्यात कमीपणा नाही. पण गाडी देताना एवढं नक्की बोला: ‘मामा, आधी पीसीव्ही आणि नळी बघा. इंजिन उघडायचं झालं तर मला फोन करा, मी आल्याशिवाय उघडू नका.’ चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

ग्राहक म्हणून तुमचं संरक्षण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 करतो. त्यासोबत स्वतःही एवढं सांभाळा:

- बिल मागा. वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.
- सदोष पार्ट बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.
- छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे देऊ नका.
- बदललेला जुना भाग परत मागा. खरंच बदलला का, याचा तोच पुरावा.
- मोठ्या कामाचा अंदाजित खर्च कागदावर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही पुढे कामाला येतो.

सीमाभागातल्या वाचकांना विचारावंसं वाटतं ते हे: पार्ट कोल्हापुरात घेतला, राहतो निपाणीत, मग तक्रार कुठे? पूर्वी दुकान जिथे तिथे जावं लागायचं. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे निपाणीकराला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तू-सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आतली असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात.

व्हॉल्व्ह बदलूनही ऑईल कमी होत असेल तर

हजार किलोमीटर वहीत नोंदवा. बाहेर गळती नाही, नळ्या मोकळ्या आहेत, आणि तरी पट्टी खाली जाते आहे, असं असेल तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासून घ्या. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा. सगळे आकडे चांगले आणि एकसारखे असतील तर संशय व्हॉल्व्ह सीलकडे जातो, ते काम हाफ इंजिनपेक्षा लहान आहे. एखादा आकडा खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, चढला नाही तर हेडमधले व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघावं लागेल. हे आकडे हातात आल्यानंतरच इंजिन उघडायला हो म्हणा, आणि इंजिन पुन्हा बसवताना नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बिलात लिहिलेला आहे का ते बघा.